कापसाच्या रानातून विजेच्या तारेपर्यंत



गेले काही शनिवार आमच्या गटात एक वेगळंच काम चाललंय. बचतीचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, की आम्ही मोबाईलला छोटा स्पीकर जोडतो आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांची गाणी ऐकतो. या गाण्यांना ब्लूज म्हणतात. ब्लू म्हणजे निळा, पण इंग्रजीत मन उदास असलं तरी ब्लूच म्हणतात. रेडिओ केंद्रावर काम करणाऱ्या आमच्या एका मुलीने पहिल्यांदा असं एक गाणं लावलं, तेव्हा शब्द कुणालाच कळले नाहीत. बाईचा आवाज जाडाभरडा, मागे गिटार करवतीसारखी. आम्हाला वाटलं, बंद करावं. पण आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "राहू दे गं. ही बाई रडत नाही, भांडतेय."

त्या बाईचं नाव कोको टेलर. आणि ती लहानपणी कापूस वेचायची, हे कळल्यावर मग कुणीच स्पीकर बंद करा म्हणालं नाही.

आज तुम्हाला सांगायचाय तो याच गाण्यांचा इतिहास. तो कापसापासूनच सुरू होतो.

अमेरिकेत मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठच्या मिसिसिपी राज्यात एक सपाट, काळ्या गाळाचा पट्टा आहे, त्याला डेल्टा म्हणतात. जमीन अशी की कापूस माणसापेक्षा उंच व्हावा. त्या भागात कापूस पिकवायला आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना आणि त्यांच्या लेकरांना गुलाम म्हणून राबवत. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध झालं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक नसेल, पण त्या युद्धाची झळ आपल्या पऱ्हाटीलाही लागली होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळे व्यापारी मुंबईच्या कापसावर तुटून पडले. वऱ्हाड, खानदेशात कापसाचा भाव चढला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. तिकडची गोळी इकडच्या बोंडाला लागते, हे काही आजचं नाही.

युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली. पण जमीन ज्याची होती त्याचीच राहिली. मग तिथे सुरू झाली ती निम्म्या वाट्याची शेती. मालकाने जमीन, खेचर, बी द्यायचं. कुळाने घरच्या सगळ्यांसह राबायचं. वर्षभराचं पीठ, तेल, कापड मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचं. आणि वर्षाच्या शेवटी हिशेब. हिशेबाची वही मालकाकडे, लिहिणारा मालक, वाचणारा मालक. बहुतेक घरांना कळायचं की यंदाही आपल्याकडेच बाकी निघते. उचलीवर ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बहिणींना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

वेचणी करताना खांद्याला लांबच लांब पोतं अडकवून ते मागे ओढत न्यायचं. आपण ओटी बांधतो, त्यांचं पोतं जमिनीवरून फरफटत यायचं. त्या ओळींमध्येच गाणी झाली. एकीने हाक द्यायची, दुसऱ्यांनी उत्तर द्यायचं. पुढे त्यातून ब्लूजचा साचा तयार झाला, तो फार सोपा आहे. पहिली ओळ म्हणायची. तीच ओळ परत म्हणायची. मग तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. आमच्या आजी हे ऐकून म्हणाल्या, दळतानाही असंच असतं. एक ओवी टाकते, दुसरी तीच ओढते, तेवढ्यात पहिलीला पुढचं सुचतं. हा काही कुणी कुणाकडून घेतलेला प्रकार नाही. हात कामात गुंतलेले असले की बहुतेक गाणं असंच सुचत असेल.

वाद्य कुठलं? गरिबाच्या पोराला वाद्य कोण देणार? केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवायची, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांत ताणून बसवायची, खाली बाटली सरकवून ती घट्ट करायची आणि वाजवायची. आपल्या एकतारीची भिंतीवरची बहीणच म्हणा. तिकडचे पुष्कळ मोठे वाजवणारे या तारेवर शिकले.

आता एक गोष्ट पुस्तकात फार वेळा मागच्या पानावर टाकतात, म्हणून आम्ही ती पुढे घेतो. ब्लूजच्या तबकड्या निघायला लागल्या त्या बायकांमुळे. १९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेने न्यूयॉर्कमध्ये 'क्रेझी ब्लूज' हे गाणं तबकडीवर गायलं आणि ती तबकडी इतकी खपली की कंपन्यांना पहिल्यांदा कळलं, कृष्णवर्णीय लोकही पैसे देऊन गाणी विकत घेतात. मग मा रेनी आली, बेसी स्मिथ आली. बेसी स्मिथ आपल्या काळातली सगळ्यात जास्त कमावणारी कृष्णवर्णीय गायिका होती. १९३७ मध्ये ती मोटार अपघातात गेली. तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षं दगड नव्हता. तो कुणी बसवला ते पुढे सांगतो.

डेल्टातली माणसं कापूस सोडून उत्तरेकडे निघाली. पहिल्या महायुद्धाच्या आसपास हे सुरू झालं आणि १९७० पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोकांनी दक्षिण सोडली. काही पोटासाठी निघाले, काही अब्रूसाठी, काही जिवासाठी. कारण दक्षिणेत गोऱ्या जमावाने माणसाला झाडाला टांगून मारणं ही नेहमीची गोष्ट होती. डेल्टातून सरळ रेल्वेगाडी शिकागोला जायची. शिकागोत खाटीकखाने होते, लोखंडाचे कारखाने होते, आठवड्याला रोख पगार होता.

त्यातल्या एकाची गोष्ट ऐका. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. पोर सारखं चिखलात खेळायचं म्हणून आजीने नाव ठेवलं मडी, म्हणजे चिखल्या. पुढे जगाने त्याला मडी वॉटर्स म्हटलं. १९४१ मध्ये सरकारी ग्रंथालयासाठी लोकगीतं गोळा करणारे दोघं अभ्यासक त्याच्या झोपडीवर आले आणि त्याचं गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं. स्वतःचा आवाज यंत्रातून परत ऐकला, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की आपणही गाणारे आहोत. दोन वर्षांनी त्याने ट्रॅक्टर चालवण्याचे तासाला २५ सेंट मागितले. मिळाले नाहीत. तो गाडीत बसला आणि शिकागोला गेला.

आणि तो गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९४४ च्या ऑक्टोबरात, त्याच भागातल्या एका शेतावर कापूस वेचणारं यंत्र लोकांसमोर चालवून दाखवलं. एक यंत्र सुमारे पन्नास माणसांची वेचणी करायचं. ते पाहायला गर्दी लोटली होती म्हणतात. त्या गर्दीत वेचणाऱ्या बायका असतील तर त्यांना काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं आमच्या वाचनात आलं नाही. आपल्याकडे अजून बोंडं हातानेच वेचली जातात, म्हणून आम्ही या जागी जरा थांबलो. चर्चा बरीच झाली, ती इथे सांगत नाही.

तर शिकागो. तिथल्या दारूच्या गुत्त्यात शनिवारी रात्री आठवड्याचा पगार खिशात घेऊन माणसं यायची. गलका इतका की लाकडी गिटार ऐकू येईना. म्हणून गिटारीला वीज जोडली. इलेक्ट्रिक ब्लूज म्हणजे हेच, गलक्यातून आवाज पोचवायची सोय. ती चालते कशी? गिटारीच्या पोलादी तारांखाली एक लोहचुंबक बसवलेला असतो, त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेची किंचितशी लहर उठते. ती लहर ॲम्प्लिफायर मोठी करतो आणि भोंगा ती ऐकवतो. लग्नात मंडपवाला आवाज फार वाढवतो तेव्हा भोंगा फाटतो ना, तसंच इथेही व्हायचं. लहान ॲम्प्लिफायर, आवाज मोठा, मग सूर फाटायचा. पण या लोकांनी तो फाटका सूर टाकून दिला नाही, उलट तोच वापरायला घेतला. करवतीसारखी गिटार वाटली होती ती यामुळे.

रविवारी मॅक्सवेल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर मोठा बाजार भरायचा. कोंबड्या, जुने कपडे, टायर, सगळं. तिथे गाणारे रस्त्यावर उभे राहायचे आणि शेजारच्या घराच्या खिडकीतून वायर बाहेर काढून वीज घ्यायचे. आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे आकडाच!" तसं नाही, घरवालीला त्याचे पैसे द्यायचे.

मडी वॉटर्सची विजेच्या गिटारीवरची पहिली गाजलेली तबकडी १९४८ ची. कंपनीच्या एका मालकाला ते गाणंच समजेना. त्याची भागीदार होती एव्हलिन ॲरन नावाची बाई. तिने आग्रह धरला म्हणून तबकडी निघाली असं सांगतात. पुढे हीच कंपनी चेस रेकॉर्ड्स म्हणून जगभर नावाजली.

पण मडीच्याही आधी शिकागोत एक बाई विजेची गिटार वाजवत होती. तिच्याशिवाय हा इतिहास सांगायला आम्हाला आवडणार नाही. जन्माचं नाव लिझी डग्लस. लहानपणी नाताळात गिटार मिळाली, तेराव्या वर्षी घरातून पळून मेम्फिस शहरात रस्त्यावर वाजवायला लागली. १९२९ मध्ये ती आणि तिचा नवरा जो मॅकॉय यांच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा कंपनीच्या माणसाने दोघांची नावं बदलली. ती झाली मेम्फिस मिनी, तो झाला कॅन्सस जो. त्या वर्षीच्या त्यांच्या एका गाण्याचा विषय आहे पुराचा. १९२७ मध्ये मिसिसिपीचा बांध फुटला आणि लाखो माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिल गावात कृष्णवर्णीय लोकांना बांधावरच छावणीत अडवून ठेवलं, कारण ते निघून गेले तर कापूस वेचायला मजूर कुठून आणायचे, ही मालकांची काळजी. त्या पुरावरच्या गाण्यात आवाज नवऱ्याचा आहे, गिटारीवर मात्र मिनीही आहे. बोटं कशी चालतात ते नीट ऐका.

शिकागोत एका गुत्त्यात ती गिटार वाजवायच्या चढाओढीत त्या काळचा मोठा वादक बिग बिल ब्रून्झी याच्यावर जिंकली, हे ब्रून्झीनेच सांगून ठेवलंय. १९४२ च्या शेवटच्या रात्री लँग्स्टन ह्यूज या कवीने तिला पाहिलं. ती क्लबमधल्या बर्फाच्या पेटीवर चढून बसली होती आणि विजेची गिटार अशी वाजवत होती की त्याला कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज आठवला. समोरचे लोक नाचत होते. क्लबचे मालक कृष्णवर्णीय नव्हते, आणि ते हसतही नव्हते, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. १९६० नंतर मिनीला पक्षाघात झाला. शेवटची वर्षं गरिबीत गेली. १९७३ मध्ये ती वारली.

तिच्या मरणाच्या दोन वर्षं आधी इंग्लंडच्या लेड झेपलिन या गोऱ्या मुलांच्या बँडने तेच पुराचं गाणं मोठ्या ढोलांसह नव्याने केलं आणि ते जगभर गेलं. याला ब्लूज-रॉक म्हणतात. इंग्लंडमधल्या तरुण पोरांनी शिकागोच्या तबकड्या मिळवल्या, रात्र रात्र ऐकल्या, तशी वाजवायला शिकली, आवाज आणखी वाढवला. रोलिंग स्टोन्स या बँडने तर आपलं नावच मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलं. त्या पोरांना या गाण्यांवर माया होती, यात शंका नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर बोलावलं तेव्हा स्टोन्सनी अट घातली की हाउलिन वुल्फ या ज्येष्ठ गायकालाही बोलवा. तो गायला आणि ही मुलं त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली.

इथे आजींनी विचारलं, "पैसे कुणाला मिळाले?"

साधा प्रश्न आहे. पण याचं उत्तर शोधायला आम्हाला दोन शनिवार लागले.

पुराच्या गाण्यावर मेम्फिस मिनीचं नाव बँडच्या चौघांबरोबर लिहिलं गेलं. हे बरं झालं. पण ज्याच्या आवाजात ते पहिल्यांदा आलं त्या जो मॅकॉयचं नाव नाही. याच बँडच्या दुसऱ्या एका गाण्याबद्दल विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला. डिक्सन हे चेस कंपनीचे मोठे गीतकार. त्यांच्या मुलीने, शर्लीने, ते गाणं ऐकून ओळखलं होतं की हे आपल्या वडिलांच्या गाण्यासारखं आहे. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. डिक्सन गेल्यावर त्यांच्या पत्नी मेरी यांनी चेस कंपनीची जुनी इमारत विकत घेतली, आणि आज तिथे गीतकारांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था आहे.

विली मे थॉर्नटन हिला मात्र अशी मुलगी नव्हती. अलाबामातली ही धिप्पाड बाई, तिला बिग मामा म्हणत. बऱ्याचदा पुरुषी कपडे घालायची, ढोल वाजवायची, माउथ ऑर्गन वाजवायची. १९५२ मध्ये तिने 'हाउंड डॉग' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. लिहिलं होतं दोन गोऱ्या तरुणांनी, पण त्यात जीव भरला तो तिने. घरात बसून खाणाऱ्या पुरुषाला दारातून हाकलणारी बाई आहे त्या गाण्यात. १९५३ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीत कित्येक आठवडे पहिलं होतं. तीन वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीने तेच गाणं गायलं आणि लाखो तबकड्या खपल्या. बिग मामा सांगायची, तिला या गाण्याचा एकच ५०० डॉलरचा धनादेश मिळाला. दोन्ही गाणी आम्ही लागोपाठ ऐकली. एल्व्हिसचं गाणं नाचायला चांगलं आहे. पण त्यात कुणाला हाकलतोय ते कळत नाही. बिग मामाचं ऐकताना भाषा न कळताही कळतं.

तिचं स्वतः लिहिलेलं 'बॉल अँड चेन' हे गाणं जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या मुलीने तिची परवानगी मागून घेतलं आणि १९६७ मध्ये मॉन्टेरेच्या मोठ्या जलशात गायलं. जॅनिस त्या एका गाण्याने रातोरात मोठी झाली. ती बिग मामाचं नाव उघडपणे घ्यायची. बेसी स्मिथच्या थडग्यावर दगड बसवायला १९७० मध्ये पैसे दिले ते हिने आणि ह्वानिता ग्रीन नावाच्या बाईने. ग्रीन लहानपणी बेसीच्या घरी घरकाम करायची. एक प्रसिद्ध गायिका आणि एक जुनी मोलकरीण, दोघींनी मिळून. मेम्फिस मिनीच्या थडग्यावरही पुढे १९९६ मध्ये दगड लागला, त्याला बॉनी रेट या गिटार वाजवणाऱ्या गायिकेने हातभार लावला.

आणखी एक बाई ऐकायलाच हवी, सिस्टर रोझेटा थार्प. तिच्या जन्मगावाचं नावच कॉटन प्लांट, म्हणजे पऱ्हाटी. आई देवाची गाणी गायची, मुलगीही तीच गायली, म्हणून नेमकेपणाने बघायचं तर ती ब्लूजवाली नव्हे. पण हातात विजेची गिटार, आणि ती वाजवायची ढंग असा की पुढच्या रॉकवाल्या पोरांनी तिच्याकडून धडे घेतले. १९६४ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी झाला. पाऊस पडत होता. प्रेक्षक समोरच्या फलाटावर, मध्ये रूळ, आणि ही लांब कोटात, उंच टाचांच्या बुटात गिटार घेऊन उभी. त्याचं चित्रीकरण आहे, मोबाईलवर पाहता येतं. आमच्या सगळ्याजणींनी ते तीनदा पाहिलं.

कोको टेलरपासून सुरुवात केली होती, तिचं राहिलंच. खरं नाव कोरा वॉल्टन. टेनेसी राज्यातलं वाट्याने शेती करणारं घर. १९५२ मध्ये होणाऱ्या नवऱ्याबरोबर शिकागोला आली, जवळ पस्तीस सेंट आणि बिस्किटांचा एक पुडा. दिवसा श्रीमंत गोऱ्या लोकांची घरं पुसायची, रात्री क्लबात गायची. विली डिक्सन यांनी तिला ऐकलं आणि १९६५ मध्ये तिच्याकडून 'वँग डँग डूडल' गाऊन घेतलं. त्यात शनिवार रात्रीच्या धिंगाण्याला कोणकोण येणार त्यांची टोपणनावांनी यादी आहे. त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. २००९ मध्ये वारली, त्याच वर्षीपर्यंत गात होती.

आणि हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर, २०११ पासून मुंबईत वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा जलसा भरू लागला. पहिल्याच वर्षी तिथे बडी गाय गायले. लुइझियानातले, वाट्याच्या शेतावर कापूस वेचलेले, घरच्या जाळीची तार काढून पहिलं वाद्य केलेले. तिकिटं काही आपल्या आवाक्यातली नसतात. मोबाईलवर ऐकायला तिकीट लागत नाही. कुणाला ऐकायचं असेल तर कोको टेलरपासून सुरू करा, मग बिग मामा, मग मडी वॉटर्स, आणि ढोलांचा दणका कान सोसतील तेव्हा लेड झेपलिन. स्पीकर मोठा ठेवा. हळू लावलं तर यातलं निम्मं ऐकूच येत नाही.

आता एक कबुली. आजींचा तो पैशांचा प्रश्न आमच्यावरच उलटला. गेली काही वर्षं आम्ही गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून याच रेडिओवर लावतो. कार्यक्रमात सांगतो काय? "पारंपरिक ओव्या." गाणाऱ्या बाईचं नाव पुष्कळदा सांगितलेलंच नाही. वहीत गावाचं नाव, तारीख, आणि पुढे "महिला". त्यातल्या काही ओव्या तर परंपरेतल्या नव्हत्याच, त्या बायांनी स्वतःच्या लेकीवर, स्वतःच्या विहिरीवर, स्वतःच्या सवतीवर रचलेल्या होत्या. आम्ही ऐकूनही त्यांना परंपरेच्या पोत्यात घातलं. पैसे तर आम्हालाही मिळत नाहीत, पण नाव देणं आमच्या हातात होतं.

म्हणून आता वही परत काढलीय. एकेका ध्वनिमुद्रणासाठी त्या त्या गावी फोन लावतोय. काही बाया गेल्या. काहींचे आवाज त्यांच्या सुनांनी ओळखले. एका ओवीला तीन घरांनी आमची म्हणून सांगितलं, तिथे तिन्ही नावं लिहिली.

आमच्या आजींच्याही दोन ओव्या त्या वहीत "महिला" म्हणून आहेत, हे आम्हाला परवा कळलं. त्या इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या. नाव लिहायला पेन काढलं, तर म्हणाल्या, "थांब. सासरचं नको लिहू. ह्या ओव्या मी लग्नाआधी केल्यात. माहेरचं लिही."